दोनदा दत्तक गेलेले शेठजी

बजाज हे नाव माहीत नाही असा एक तरी जण आपल्या हॉस्टेलमध्ये सापडेल का? पार्किंगमध्ये नुसती नजर टाका, दोन-चार गाड्यांवर ते नाव दिसेलच. एम.बी.ए.च्या सीईटीची तयारी करणारे आपले रूम पार्टनर मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटची स्वप्नं बघत रात्र-रात्र जागतात. सुटीत घरी गेलं की बाबांच्या तोंडी अजून चेतक स्कूटरच्या गोष्टी असतात. पण ज्या माणसाचं हे नाव, त्याच्याबद्दल विचारलं तर मोठे उद्योगपती होते, याच्यापुढे आपली गाडी काही सरकत नाही.

बजाज ऑटो ज्या कंपनीतून वाढली ती निघाली १९४५ साली. जमनालालजी त्याच्या तीन वर्षं आधीच गेले होते. त्यांची खरी कमाई निराळीच आहे आणि ती आपल्या वर्धा जिल्ह्यातच पसरलेली आहे. मगनवाडी, महिलाश्रम, पवनार, गोपुरी आणि मुख्य म्हणजे सेवाग्राम. यातल्या कुठल्याही जागेचा इतिहास उघडा, दोन पानांच्या आत जमनालालजींचं नाव येतंच.

घरून कुणी भेटायला आलं की मी त्यांना हमखास सेवाग्रामला नेतो. बापू कुटी बघून माणसं गप्प होतात, फोटो काढतात, आणि परतीच्या ऑटोत एक प्रश्न मात्र नक्की विचारतात. गांधीजी इथं फकिरासारखे राहिले हे खरं, पण खर्च कोण करायचं? आमच्या मेसमध्येही हा वाद एकदा चांगला रंगला होता. एका बाजूचं म्हणणं असं, की शेठजींच्या पैशावर चाललेल्या आश्रमाला स्वावलंबन कसलं म्हणायचं! प्रश्न बोचरा आहे, पण खोटा नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर गांधीजींपेक्षा जमनालालजींचं आयुष्य बघावं लागतं, म्हणून हा लेख.

आदर्श समाज आपण स्वतः वसवून दाखवू, या ध्यासानं जगात बऱ्याच ठिकाणी गावं उभी राहिली. ब्रिटनमधला कापड गिरणीवाला रॉबर्ट ओवेन यानं १८२५ साली अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतात न्यू हार्मनी नावाचं आख्खं गाव विकत घेतलं. सगळे समान, सगळं सामाईक. दोन-तीन वर्षांत भांडणं होऊन प्रयोग मोडला आणि ओवेनची बरीचशी संपत्ती त्यात गेली. खुद्द गांधीजींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म काढलं, त्याची सुमारे ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबाख या त्यांच्या आर्किटेक्ट मित्राची होती. म्हणजे अशा प्रत्येक गावामागे कुणीतरी सातबारा आणि चेकबुक घेऊन उभा असतोच. सेवाग्रामच्या मागे जमनालालजी उभे होते. फरक पडला तो ते कसे उभे राहिले यामुळे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. राजस्थानात सीकरजवळ काशी का बास नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या एका साध्या मारवाडी कुटुंबातला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज हे त्या काळचे बडे व्यापारी. मुलगा वारलेला, घरात वारस नाही. एकदा शेठजी आणि त्यांच्या पत्नी सदीबाई आपल्या मुलखाकडे गेले असताना हा चुणचुणीत पोरगा त्यांच्या नजरेत भरला. १८९४ साली पाचव्या वर्षी जमनालाल नातू म्हणून दत्तक आला आणि वर्धेकर झाला. मुलाच्या बदल्यात वडिलांनी स्वतःसाठी पैसा घेतला नाही, गावात पाण्याचे हाल होते म्हणून विहीर बांधून मागितली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. त्या वयाच्या पोराला यातलं काय कळणार! पण पुढचं सगळं आयुष्य बघितलं की ही विहीर लक्षात राहते.

शिक्षण किती? तर मराठी शाळेत चौथीपर्यंत. बस्स. पुढे याच माणसानं शाळा काढल्या, देशाच्या शिक्षणावरची परिषद आपल्या गावात भरवली, काँग्रेसचा खजिना वर्षानुवर्षं सांभाळला. एटीकेटीमुळे आयुष्य संपलं असं वाटणाऱ्यांनी ही नोंद करून ठेवायला हरकत नाही!

मोठ्या घरात लाड होते, तसा धाकही होता. सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जायचं निघालं. बच्छराजजींची इच्छा, की नातवानं हिऱ्या-मोत्यांचे दागिने घालून मिरवावं. यांना ते नको होतं. शब्दानं शब्द वाढला आणि रागाच्या भरात आजोबांनी संपत्तीचा विषय काढला. जमनालाल अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. पाठोपाठ त्यांनी आजोबांना पत्र लिहून कळवलं, की तुमच्या संपत्तीवर माझा काहीही हक्क राहिलेला नाही, माझ्या मनात राग नाही, मी काहीही बरोबर नेलेलं नाही. पत्रसुद्धा रीतसर स्टॅम्प पेपरवर! मग माणसं धावली, समजूत घालून त्यांना परत आणलं. पुढे १९०७ मध्ये बच्छराजजी वारले आणि ज्या इस्टेटीवर पाणी सोडलं होतं ती सगळी या अठरा वर्षांच्या मुलाच्या ताब्यात आली.

मला या माणसाच्या आयुष्याची किल्ली इथंच सापडते. मनानं एकदा सोडून दिलेली गोष्ट परत हातात आली की माणूस ती कशी वापरेल? जमनालालजींनी ती दुसऱ्याची ठेव असल्यासारखी वापरली. याच सुमाराला लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार होती. घरून खर्चायला रोजचा एक रुपया मिळायचा, तो साठवून जमवलेले शंभर रुपये त्यांनी त्या कामाला दिले. पुढे लाखांच्या देणग्या दिल्या, पण त्या शंभर रुपयांचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असं ते म्हणत.

म्हणजे धंदा सोडून दिला का? मुळीच नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचा घरचा व्यवसाय त्यांनी वाढवला, पुढे साखर कारखाना काढला, मुंबईत पेढी मोठी केली. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची रीत तेव्हाही होतीच (आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं सांगायला नको). जमनालालजींनी आपल्या पेढीत ते बंद केलं. तोटा होईल म्हणून मुनीम हवालदिल झाले. पण हळूहळू बजाजांची गाठ म्हणजे कोरडा कापूस अशी बाजारात ओळख झाली आणि भाव उलट चांगला मिळू लागला. आजच्या भाषेत क्वालिटी कंट्रोल आणि ब्रँड व्हॅल्यू म्हणतात ते हेच.

सरकारदरबारीही मान होता. ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले, रायबहादूर ही पदवी मिळाली. पण मनाला चैन नव्हती. कुणीतरी गुरू हवा होता. बऱ्याच थोरामोठ्यांना भेटून झालं. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परतले, तेव्हा जमनालालजी त्यांच्या आश्रमात जाऊन राहिले आणि माणूस जे बोलतो ते करतो की नाही हे व्यापाऱ्याच्या नजरेनं बारकाईनं तपासलं. तिथं त्यांचा शोध थांबला.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष होते जमनालालजी. त्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विचित्रच मागणी केली. तुम्हाला चार मुलगे आहेत, मला पाचवा मुलगा माना. एकतीस वर्षांचा, बायको-मुलांचा धनी, लाखोंची उलाढाल असलेला शेठ दत्तक जायला निघाला होता! गांधीजींना आधी नवल वाटलं, पण त्यांनी ते मान्य केलं. पहिल्या वेळी पाच वर्षांच्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र बाप त्यांनी स्वतः निवडला.

या दुसऱ्या दत्तकविधानाची किंमत लगेच मोजावी लागली. १९२१ च्या असहकारात रायबहादूर पदवी परत गेली. वकिली सोडून चळवळीत आलेल्यांची घरं चालावीत म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. घरातले विलायती कपडे होळीत गेले. पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरवले, अंगावर खादी आली. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचं नेतृत्व जमनालालजींनी केलं. अटक झाली, अठरा महिन्यांची शिक्षा आणि वर दंड. ते दंड भरेनात, म्हणून सरकारनं त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली, तर नागपुरात बोली लावायला कुणी पुढे येईना!

वर्ध्याची गोष्ट इथूनच वेग घेते. गांधीजींनी आपल्या गावात आश्रम काढावा असा जमनालालजींचा आधीपासून धोशा होता. गांधीजी लगेच येऊ शकत नव्हते, पण त्यांनी आपला एक माणूस पाठवला. ८ एप्रिल १९२१ ला पंचविशीतले विनोबा वर्ध्याला आले. वयानं जमनालालजी सहा वर्षांनी मोठे, तरी त्यांनी विनोबांना गुरुस्थानी मानलं. मुलांना त्यांच्याकडे शिकायला धाडलं. १९३२ साली दोघं धुळ्याच्या तुरुंगात एकत्र होते. तिथं विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या श्रोत्यांत जमनालालजीही बसलेले असत.

त्याआधी जुलै १९२८ मध्ये एक मोठी गोष्ट झाली होती. वर्ध्यातलं बजाज घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या सर्वांना खुलं केलं. देशातल्या अगदी पहिल्या खुल्या झालेल्या मंदिरांपैकी ते एक. सभेत टाळ्या घेणं वेगळं आणि आपल्याच घरच्या देवळाचं दार उघडणं वेगळं. समाजातले नातेवाईक, व्यापारी बिथरले, पंगतीला बसेनात. मुलामुलींची लग्नं व्हायची होती, धंद्यातले संबंध होते. तरी दार पुन्हा लागलं नाही. आपण मार्केटमध्ये जाताना त्या मंदिरावरून कितीदा तरी जातो. एकदा थांबून बघा.

आता सेवाग्रामकडे येऊ. स्वराज्य मिळेपर्यंत परतणार नाही असं ठरवून गांधीजी १९३० साली दांडीला निघाले आणि १९३३ मध्ये त्यांनी साबरमती आश्रमच विसर्जित केला. राहायचं कुठं? जमनालालजींनी वर्ध्याचं निमंत्रण पुन्हा पुढे केलं आणि या वेळी ते स्वीकारलं गेलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्यासाठी जमनालालजींनी आपलं राहतं बागेतलं घर आणि संत्र्यांची बाग देऊन टाकली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव मगनवाडी झालं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं काम बघू लागले. सुधारलेला तेलघाणा, हातकागद, धूर न करणारी चूल, मधमाशापालन असे प्रयोग चालायचे. आज ज्याला आपण अ‍ॅप्रोप्रिएट टेक्नॉलॉजी म्हणून शिकतो त्याची ही आपल्या जिल्ह्यातली कार्यशाळा. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आज त्याच जागेवर आहे.

पण शहराच्या कडेला राहून खेड्याच्या गोष्टी बोलणं गांधीजींना पटेना. मीराबेन आधीच वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात जाऊन राहिल्या होत्या. सुमारे सहाशे वस्तीचं गाव, बहुसंख्य लोक दलित. धड रस्ता नाही, पोस्ट नाही, दवाखाना नाही. पावसाळ्यात चिखल, मलेरिया आणि जोडीला साप. गावातली बरीचशी जमीन जमनालालजींची. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी मगनवाडीहून चालत शेगावला गेले. विदर्भातला एप्रिल म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चहासारखं होतं!

जमनालालजींना त्यांच्या तब्येतीची काळजी लागली होती, आणि ती खोटी नव्हती. त्याच वर्षी गांधीजींना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात आणावं लागलं. पण मुलगा म्हणून एकदा शब्द दिल्यावर जमनालालजींनी अडवलं नाही. माती, बांबू, बोऱ्या, कवेलू असं गावात मिळणारं सामान आणि गावचेच कारागीर घेऊन आदी निवास उभा राहिला. सिव्हिलवाल्यांनी ती घरं नीट बघावीत. जाड भिंती, खाली उतरलेलं छप्पर, समोरासमोर खिडक्या. मेमध्ये आत पंखा नसला तरी बसवतं. साप पकडायचा चिमटा आणि पिंजराही तिथं ठेवलेला आहे, कारण साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, असा नियम होता.

गांधीजींची मूळ इच्छा या खेड्यात एकट्यानंच राहायची होती. तसं कुठलं होणार! बा आल्या, सचिव आले, पाठोपाठ आजारी माणसं आली, विद्वान आले, परदेशी पाहुणे आले. एकाच खोलीत इतकी गर्दी झाली, की गांधीजींना मीराबेनच्या कुटीत मुक्काम हलवावा लागला. तीच आजची बापू कुटी. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींसाठी वेगळी कुटी बांधली गेली आणि गांधीजी त्यांची शुश्रूषा स्वतः करायचे. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून मातीच्या झोपडीत टेलिफोन आला. बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं गेलं. पहाटे चारला उठणं, प्रार्थना, सूतकताई, सामाईक स्वयंपाक, संडास-सफाई. सगळी कामं सगळ्यांनी करायची. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकण्याच्या नई तालीमचा प्रयोग सेवाग्रामात सुरू झाला. आपल्या वर्कशॉपच्या जर्नलमध्ये आपण जे मित्राचं बघून उतरवतो, त्याच्या नेमकं उलट शिक्षण!

या सगळ्याला पैसा लागायचा. जमीन, पाहुण्यांचं जेवणखाण, वर्ध्याहून जाण्या-येण्याची सोय, हिशोब. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्यात बजाजवाडीत व्हायच्या. नेहरू, पटेल, आझाद, सुभाषबाबू सगळे तिथं उतरायचे. वर्धा हे मधलं स्टेशन, मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास गाड्यांना सोयीचं. देशाच्या राजकारणाचं केंद्र काही वर्षं आपल्या या गावात होतं आणि त्याची व्यवस्था एका चौथी पास शेठजींकडे होती.

आता मेसमधल्या त्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्याच्या पैशावरचा आश्रम स्वावलंबी कसा? माझ्यापुरतं उत्तर असं आहे. सेवाग्राम पैशाच्या बाबतीत पूर्ण स्वावलंबी नव्हतं आणि ते लपवायची गरज नाही. शेगावचं गावसुद्धा आश्रमाशेजारी आहे म्हणून चार वर्षांत बदललं नाही. जात, आजार, गरिबी यांनी गांधीजींनाही दमवलं. पण ओवेनच्या गावात आणि इथं एक मोठा फरक आहे. ओवेन गावाचा मालकही होता आणि विचारही त्याचाच. जमनालालजींनी जमीन दिली, पैसा दिला, पण हुकूम चालवला नाही. शेगावचा मालगुजार असूनही तिथल्या नियमांपुढे त्यांचं काही विशेष चाललं नाही आणि त्यांनी चालवूनही पाहिलं नाही. देणगीच्या बदल्यात पाटी, खुर्ची, मान, काहीतरी मागायची आपल्याकडे रीत आहे. यांनी मागितलं ते मुलाचं नातं, म्हणजे चुकलं तर कान धरून घ्यायचा हक्क गांधीजींना देऊन टाकला. स्वतःच्या मनातले राग, लोभ, मोह ते पत्रांतून गांधीजींना मोकळेपणानं कळवत राहिले. पैसा देऊन मोकळं होता येतं, असा समज त्यांनी करून घेतला नाही.

आणि दिवसेंदिवस ते देणाऱ्याच्या जागेवरून राहणाऱ्याच्या जागेकडे सरकत गेले. १९३८ साली विनोबांची तब्येत ढासळली तेव्हा धाम नदीकाठचा पवनारचा आपला बंगला त्यांनी विनोबांना राहायला दिला. १९३९ मध्ये ज्या जयपूर संस्थानात त्यांचा जन्म झाला, तिथंच प्रजेच्या हक्कांसाठी लढताना प्रवेशबंदी झाली. ती मोडून ते गेले आणि काही महिने कैदेत राहिले. १९४० च्या शेवटी वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग. १९४१ मध्ये प्रकृती बिघडल्यानं सुटले, तेव्हा शरीर थकलं होतं. आता राजकारण पुरे, एकच एक काम मनापासून करावं असं वाटू लागलं. गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी गोसेवेचं काम अंगावर घेतलं. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये गोसेवा संघ निघाला. वर्धा आणि नालवाडीच्या मध्ये गोपुरी इथं एक झोपडी बांधून ते स्वतः राहायला गेले. शेतकऱ्याचा बैल, घरातलं दूध, शेणखत, मेलेल्या जनावराचं कातडं, या सगळ्याचा हिशोब त्यांच्यातल्या व्यापाऱ्याला नीट कळत होता. घरी जाताना आपण बॅगेत जो गोरसपाक भरतो, ते वर्ध्याचं गोरस भंडारही गोसेवेच्या त्याच परंपरेतलं.

झोपडीत राहायला मिळाले फक्त काही महिने. १ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात गोसेवेची परिषद झाली आणि दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, मेंदूतल्या रक्तस्रावानं जमनालालजी अचानक गेले. वय अवघं बावन्न. निरोप मिळताच गांधीजी सेवाग्रामहून धावले, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गोपुरीतच अंत्यसंस्कार झाले. जानकीदेवी दुःखानं सती जायची भाषा बोलू लागल्या. गांधीजींनी त्यांना सावरलं, पतीचं काम पुढे नेणं हेच खरं सती जाणं असं समजावलं. जानकीदेवींनी आपली स्वतःची संपत्ती गोसेवेला दिली आणि पुढची कित्येक वर्षं काम केलं. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

गांधीजींनी त्याच महिन्यात जमनालालजींच्या मित्रांना वर्ध्याला बोलावलं, ते भाषणं करायला नव्हे तर कामं वाटून घ्यायला. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, नई तालीम, स्त्रियांचं शिक्षण, हरिजनसेवा, राष्ट्रभाषा, संस्थानी प्रजा... एका माणसाच्या डोक्यावरचा भार उतरवला तर तो कितीजणांच्या खांद्यावर द्यावा लागला! त्याच वर्षी जुलैमध्ये वर्ध्यातच कार्यकारिणीनं इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. व्यवस्था बघणारे यजमान मात्र तेव्हा नव्हते.

सेवाग्राम आश्रमात आखिरी निवास नावाची एक कुटी आहे. बहुतेक पाहुणे तिच्याकडे ओझरतं बघून पुढे जातात. ती जमनालालजींनी स्वतःला राहण्यासाठी म्हणून बांधली होती. त्यांच्या नशिबी तिथलं राहणं फारसं आलं नाही. पुढे गांधीजी त्या कुटीत राहिले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये तिथूनच ते निघाले, ते पुन्हा सेवाग्रामला परतलेच नाहीत. मुलानं बांधलेल्या घरातून बाप निघाला, असा हा शेवट.

माणसं गेली, पण गाव मोडलं नाही. सुशीला नय्यर यांनी सुरू केलेला कस्तुरबा दवाखाना वाढला आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथं मेडिकल कॉलेज झालं. आपल्यापैकी कितीतरी जण तापानं फणफणले की तिथल्याच ओपीडीच्या रांगेत उभे राहतात. पवनारचा आश्रम आहे, महिलाश्रम आहे, मगनवाडी आहे. गोपुरीत जमनालालजींच्या स्मरणार्थ गीताई मंदिर उभं राहिलं. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही, विनोबांची गीताई कोरलेल्या शिळा तेवढ्या उभ्या आहेत.

आपण सगळे कधी ना कधी कमावणार आहोत. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये पॅकेजचे आकडे ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, त्यात चूक काही नाही. जमनालालजींनीही पैसा वाईट आहे असं मानलं नाही, भरपूर कमावला. पण सतराव्या वर्षी लिहिलेलं ते पत्र त्यांनी मनातून कधी फाडलं नाही. हातात आलेलं आपलं नाही, आपल्याकडे सांभाळायला दिलेलं आहे, हे धरून ते पस्तीस वर्षं जगले. आदर्श गाव वसवायचं स्वप्न बघणारे पुष्कळ असतात. त्या गावाची विहीर, रस्ता, रेशन आणि हिशोब बघणारा, आणि ते सगळं करून मालकीची पाटी न लावणारा एखादाच असतो. पुढच्या वेळी सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीनंतर पाच मिनिटं आखिरी निवासाच्या ओट्यावरही बसा.